टेकडी जपू, वस्तीचे आरोग्य राखू

पुण्यात पर्वती, वेताळ अशा टेकड्यांच्या उतारावर आणि पायथ्याला कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. आमची वस्तीही अशाच एका टेकडीखाली आहे. मे महिन्यात पत्र्याची खोली रात्रीसुद्धा निवत नाही. पावसाळ्यात वरून गढूळ लोंढा येतो आणि गल्लीत गाळ साचतो. म्हणजे टेकडीची अवस्था हा आपल्या घरच्या आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी टेकडीवर कामाला जातो.

टेकडी लांबून हिरवी दिसते. पण तिथे गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, फार आहे. हे मूळचे मध्य अमेरिकेतले झाड. लवकर वाढते म्हणून ते लावले गेले. त्याच्या दाटीखाली गवत फारसे उगवत नाही आणि उघडी माती वाहून जाते. झाड तोडायला परवानगी लागते. म्हणून वनविभाग दाखवेल तिथली लहान रोपेच आम्ही उपटतो. मोकळ्या जागी पळस, मोई, खैर, हिवर, बहावा ही इथलीच झाडे लावतो. बहाव्याचे बी टणक असते. ते गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवले की लवकर रुजते.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. जुलैत उत्साहाने पुष्कळ रोपे लावली आणि मेपर्यंत बहुतेक वाळली. आता मोजकीच लावतो. पण प्रत्येकाला तीन उन्हाळे पाणी घालतो.

दिवाळीनंतर गवत वाळते. एक जळती विडी पुरते आणि धूर थेट घरात येतो. दमेकऱ्यांचे व लेकरांचे हाल होतात. म्हणून वनविभागाच्या देखरेखीखाली आम्ही गवत कापून जाळपट्टे काढतो. पूर्वी फिरायला येणारे लोक वणव्याचा आळ वस्तीवर घेत. आज त्यांच्यातलेच काही जण आमच्याबरोबर पाण्याचे कॅन चढावर वाहतात.

टेकडीवर जाताना एवढे पाळा. बूट घाला, पाणी जवळ ठेवा, नऊच्या आत काम आटपा. दगड हाताने उलटू नका. साप चावल्यास जखम चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. तडक सरकारी रुग्णालय गाठा. डबे-बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

एका घराने एकच रोप घ्यावे. पण तीन उन्हाळे सांभाळावे.