वरळीत घर असूनही गणपतीला गावीच का जातात?
भाद्रपद आला की वरळीच्या बीडीडी चाळीतून कोकणच्या गाड्या सुटतात. १९२०च्या दशकातल्या या चाळींत गिरणीत राबणारी अनेक कोकणी कुटुंबं १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढली. पण गावी जाण्याचं कारण फक्त जागेची टंचाई नाही. कोकणात बऱ्याच घराण्यांचा गणपती एकच असतो आणि तो मूळ घरातच बसतो. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी मूर्ती एकच. वर्षभर कुलूपबंद असलेलं घर तेव्हा उघडतं. हल्ली कशेडीचा वळणावळणांचा घाट बोगद्यामुळे टळतो. खड्ड्यांचं विचारू नका! २०२५पासून चाळकऱ्यांना ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळू लागलेत. ‘आता बाप्पा इथेच आणूया का?’ असं कुणी म्हणतंही. पण भावकीला विचारल्याशिवाय गणपती हलवायचा कसा?