घरांतील पेटींत प्रवाळांस उजेड किती?

मोर्शी हा संत्र्यांचा मुलूख. सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरणाचें गोडें पाणी आहे. समुद्र मात्र शेंकडों मैल दूर. अशा गांवीं कोणी कांचेच्या लहानशा पेटींत खारें पाणी करून प्रवाळ वाढवूं म्हणेल, तर त्याची खरी अडचण मिठाची नसून उजेडाची असते. मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम असें तोलून घालतां येतें. उजेड नुसत्या डोळ्यांनीं तोलतां येत नाहीं.

प्रवाळ ही वनस्पति नव्हे, तो प्राणी आहे. परंतु त्याच्या देहांत सूक्ष्म शैवालांची वस्ती असते, आणि हीं शैवालें प्रकाशाच्या बळावर जें अन्न सिद्ध करतात, त्याचा मोठा वांटा यजमानास मिळतो. उजेड अपुरा पडला कीं प्रवाळाची उपासमार सुरू होते, आणि ती कित्येक आठवडे कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. उलट तो एकाएकीं फार झाला, तर प्रवाळ आपलीं शैवालें बाहेर टाकतो व पांढराफटक पडतो.

समुद्राचें पाणी तांबडे किरण आधीं शोषून घेतें. निळे सर्वांत खोल जातात. म्हणून या पेटीस निळसर दिवा हवा. येथेंच डोळा फसतो. निळा उजेड माणसास मंद भासतो, पिवळट उजेड प्रखर. लक्स मोजणारें यंत्रही माणसाच्या डोळ्याच्या मापानेंच बनविलेलें असतें. आणि वॅटचा आंकडा तर केवळ विजेचा खर्च सांगतो. खरें माप म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदास पडणारे उपयुक्त प्रकाशकण. ते मायक्रोमोलांत मोजतात. छत्रीसारख्या मऊ प्रवाळांस ५० ते १०० पुरतात, फांद्यांच्या दगडी प्रवाळांस २०० ते ३५० लागतात. यंत्र महाग असतें. पण एकदां उसनें आणून पेटीच्या तळाशीं, मध्यें व वर मोजून ठेवलें तरी भागतें.

मात्र दगडी प्रवाळांचा मोह येथें आवरावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत ते २००१ सालीं घातले गेले. आपल्या समुद्रांतून ते काढणें, विकणें गुन्हा आहे. मालवणच्या गढूळ पाण्यांत, थोड्या उजेडावर ते जगतात, तेथेंच ते शोभतात.

मेटल हॅलाइडचे जुने दिवे तेज देत, पण पाणीही तापवीत. जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पाणी २४ ते २७ अंशांत राखावयाचें असतें, तेथें एल.ई.डी. दिवाच बरा, त्याची ऊष्णता बहुतांशीं पाठीमागच्या धातूच्या पंखांतून वर निघून जाते.

शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेंतील कलम सावलींतून काढून एकदम भर उन्हांत कोणी लावीत नाहीं. नव्या प्रवाळाचेंही तसेंच. प्रथम तळाशीं, अर्ध्या तेजावर ठेवावा, आणि तीन-चार आठवड्यांत उजेड क्रमानें वाढवावा. दिवसाचे आठ ते दहा तास पुरेत. त्यासाठीं घड्याळी बटण लावावें, कारण माणूस विसरतो. उन्हाळ्यांत वीज गेली तर एक दिवसाचा अंधार प्रवाळ सहज सोसतो, परंतु पाणी हलतें राहिलें पाहिजे. म्हणून बॅटरी दिव्यास न जोडतां आधीं पंपास जोडावी.