परदेशातील खेड्यांत आरोग्य कार्यकर्ते घडवायला जाताय? मिशनच्या स्वयंसेवकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

चर्चच्या किंवा ख्रिस्ती मिशनच्या गटाबरोबर दोन-तीन आठवडे आफ्रिकेतील खेड्यात जायचे आणि तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचे, अशी संधी डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका, फार्मासिस्ट आणि निवृत्त शिक्षकांनाही मिळू शकते. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी जाणार असेल, तर दोन प्रश्नांची उत्तरे निघण्याआधीच मिळवायला हवीत. तिथे नेमके काय शिकवायचे? आणि स्वतःची तब्येत कशी सांभाळायची? देशानुसार तपशील बदलतात, म्हणून या लेखात युगांडाचे उदाहरण घेतले आहे.

गावातला आरोग्य कार्यकर्ता म्हणजे कोण?

युगांडात मिशनची वैद्यकीय सेवा जुनी आहे. कंपाला येथील मेंगो रुग्णालय १८९७ मध्ये मिशनरी डॉक्टरांनी सुरू केले. आजही तिथे चर्चशी जोडलेली अनेक रुग्णालये आणि दवाखाने आहेत. पण दवाखाना दूर आणि रस्ता चिखलाचा असेल, तर आजारी मुलाला पहिली मदत गावातच मिळावी लागते. यासाठी युगांडा सरकारने २००१ मध्ये ग्राम आरोग्य पथकांची योजना आणली. गावाने निवडलेले हे स्वयंसेवक आपल्याकडच्या आशाताईंसारखेच घरोघरी जातात. प्रशिक्षण आणि औषधांचा पुरवठा असेल तिथे ते पाच वर्षांखालील मुलांच्या मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब या तीन आजारांवर प्राथमिक उपचारही करतात. मुलांच्या मृत्यूंमध्ये याच तीन आजारांचा मोठा वाटा असतो.

बाहेरच्या माणसाचे काम कोणते?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले. बाहेरून आलेल्या परिचारिका गावात रुजल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. त्या शिकल्या आणि गावाने त्यांचे ऐकले. त्यांना एकदाच शिकवून सोडून दिले नाही, प्रशिक्षण पुढेही नियमित चालू राहिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज परदेशातले लोकही जामखेडला शिकायला येतात.

यातून घ्यायचा धडा असा की रोगी तपासणे हे तुमचे मुख्य काम नाही. तुम्ही परत आल्यावर तिथली कार्यकर्ती काय करू शकते, ते महत्त्वाचे. म्हणून वीस विषयांवर भाषणे देऊ नका. चार गोष्टी निवडा आणि त्या हाताने करून घ्या.

शिकवण्यासारख्या चार गोष्टी

१. श्वास मोजणे. खोकला असलेल्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, मूल शांत असताना. २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मुलाला लगेच दवाखान्यात पाठवायचे. दोन महिन्यांपेक्षा लहान आजारी बाळावर गावात उपचार नको, त्यालाही थेट पाठवायचे.

२. जुलाबात ओआरएस आणि झिंक. पाकीट एक लिटर पाण्याचे आहे की कमी, ते आधी पाहायचे. घट्ट झालेले ओआरएस बाळाला अपाय करते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. झिंक १० ते १४ दिवस द्यायचे असते. जुलाब थांबले की आई गोळी बंद करते, म्हणून हे तिला समजावून सांगायला शिकवा.

३. दंडाचा घेर मोजणे. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे.

४. धोक्याची लक्षणे. मूल दूध किंवा पाणी पीत नाही, प्यायलेले सगळे उलटते, झटके येतात, सुस्त किंवा बेशुद्ध आहे. यातले एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता दवाखाना.

प्रत्येक गोष्ट तुम्ही एकदा करून दाखवा, मग समोरच्या व्यक्तीकडून तीन-चार वेळा करून घ्या. "समजले का?" असे विचारले तर सगळे हो म्हणतात, आपल्याकडेही आणि तिकडेही. शिकवताना तिथल्या दवाखान्याची परिचारिका शेजारी असू द्या. तुम्ही गेल्यावर दर महिन्याला देखरेख तीच करणार आहे.

काय करू नये?

- परवानगीशिवाय उपचार करू नका. आपल्याकडची पदवी किंवा नोंदणी परदेशात आपोआप चालत नाही. डॉक्टर-परिचारिकांनाही तिथल्या परिषदेची परवानगी लागते. ज्यांचे वैद्यकीय शिक्षण झालेले नाही त्यांनी तर सुई हातात घेऊच नये. तीव्र कुपोषित मुलाला दयेपोटी भराभर सलाईन किंवा भरपेट जेवण दिले, तर त्याच्या हृदयावर ताण येऊन ते दगावू शकते.
- घरात उरलेली औषधे नेऊ नका. मुदत, मात्रा आणि लेबलची भाषा या सगळ्यांत घोळ होतो. औषधे तिथल्या पुरवठ्यातूनच यावीत.
- तिथल्या सरकारी सूचनांपेक्षा वेगळे शिकवू नका. आपल्याकडची मात्रा आणि तिथली मात्रा वेगळी असेल तर कार्यकर्ती गोंधळते, आणि चूक झाल्यास गावात बोल तिलाच लागतो.
- उपचार आणि प्रार्थना यांची सांगड घालू नका. प्रार्थना ज्याला हवी त्याच्यासाठी. औषध आणि सल्ला मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला विनाअट मिळाला पाहिजे.

जाण्याआधी तुमची तब्येत

निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा.

पीतज्वराची लस: युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लसीचा दाखला लागतो. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो आणि आयुष्यभर चालतो. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. परत येताना भारतातही दाखला तपासतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ही जिवंत लस आहे. केमोथेरपी किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असेल, अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी सांगा. साठीनंतर पहिल्यांदा घेतल्यास गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. लस घेता येत नसेल तर जाण्याचा बेत रद्द करणे शहाणपणाचे.

मलेरिया: "आम्हाला डासांची सवय आहे" हा भ्रम आहे. युगांडात प्रामुख्याने फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार आढळतो. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतात. डॉक्सीसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. कोणती गोळी तुम्हाला चालेल ते डॉक्टर ठरवतील. सोबत औषध लावलेली मच्छरदाणी वापरा.

मधुमेह, रक्तदाब, दमा: पूर्ण मुक्कामाची औषधे आणि वर दोन आठवड्यांचा साठा हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ पाकिटासह. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. युगांडाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इन्सुलिनची वेळ कशी बदलायची ते विचारा, आणि वीज नसलेल्या गावात ते थंड कसे ठेवायचे तेही आधीच ठरवा.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात आणि रेबीजच्या लसींबद्दलही याच भेटीत विचारा. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नका, त्या पाण्यातून शिस्टोसोमियासिसचे कृमी त्वचेतून शरीरात शिरतात. वापरलेली सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

परतल्यावर, घरच्यांसाठी

परतल्यापासून तीन महिन्यांत ताप आला तर तो "हवा बदलली" म्हणून अंगावर काढू देऊ नका. त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा, गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "हे युगांडाहून आले आहेत." पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप राहिला तर ती पुन्हा करावी लागते. तीन महिन्यांनंतर, अगदी वर्षभरात ताप आला तरी प्रवासाची माहिती द्या. बडबडणे, ग्लानी, कावीळ, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.