समुद्रसपाटीवरून : कालांकच्या कड्यांखाली एक दिवस

समुद्र कोणत्या उंचीवरून पाहिला जातो, यावर त्याचे रूप अवलंबून असते. विमानाच्या खिडकीतून तो निळा नकाशा भासतो. जहाजाच्या डेकवरून तो क्षितिजापर्यंत पसरलेले मैदान वाटतो, तर किनाऱ्यावरच्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी तो एक देखावा असतो. कयाकमध्ये बसणाऱ्याला यांपैकी कोणतेच अंतर राखता येत नाही. त्याची बैठक पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असते. लाट त्याला केवळ दिसत नाही, ती त्याला उचलते आणि पुन्हा खाली ठेवते.

आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्यापासून घडवलेली ही निमुळती होडी आज जगभरच्या किनाऱ्यांवर हौशी प्रवाशांना समुद्राच्या इतके जवळ नेते. भूमध्य समुद्रात तिच्यासाठी जणू मुद्दाम कोरून ठेवावा असा एक किनारा आहे. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय हे महानगर आणि कासी हे छोटे बंदर यांच्या दरम्यान सुमारे २० किलोमीटरपर्यंत चुनखडीचे उभे कडे समुद्रात उतरले आहेत. त्या कड्यांमध्ये शिरलेल्या अरुंद, खोल खाड्यांना तेथील लोक ‘कालांक’ म्हणतात. १८ एप्रिल २०१२ रोजी या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाच्या गाभाक्षेत्रात सुमारे ८,५०० हेक्टर जमीन आणि ४३,५०० हेक्टर समुद्र येतो. म्हणजे या उद्यानाचा मोठा भाग पाणीच आहे आणि तो पाहायचा तर पाण्यावरूनच पाहावा लागतो.

दोन रंगांचे बंदर

कासीच्या बंदरात सकाळी उभे राहिले की दोन्ही हातांना दोन निराळ्या रंगांचे डोंगर दिसतात. पूर्वेला काप कनाय हा ३९४ मीटर उंचीचा, तांबूस-पिवळ्या खडकाचा भव्य कडा. पश्चिमेला कालांकचा पांढराशुभ्र चुनखडक. मधल्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. येथील वाईनला १९३६ मध्येच फ्रान्समधील मूळस्थानाची शासकीय मान्यता मिळाली होती. बंदराच्या कडेला मासेमारीच्या रंगीत होड्या, कॉफीच्या टपऱ्यांवरची पहिली गिऱ्हाइके, आणि जवळच वाळूवर ओळीने मांडलेल्या कयाक.

मार्गदर्शकाभोवती जमलेल्या मंडळींत बहुधा नवखेच अधिक असतात. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन असा खेळ शिकवणाऱ्याला शासनमान्य पदविका आवश्यक असते, आणि तिचे महत्त्व पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात येते. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे एकेकाचे ओढून तपासले जातात. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे केवळ दंडाच्या जोरावर मारायचे नसते, कमरेपासून धड वळवून मारायचे असते, हे दाखवले जाते. होडी उलटली तर घाबरून पोहत सुटू नये, होडीला धरून राहावे, हे दोनदा सांगितले जाते. आज नेमके कोठपर्यंत जायचे, हे मात्र मार्गदर्शक लगेच सांगत नाही. तो आधी वाऱ्याचा अंदाज वाचतो.

वाऱ्याचा स्वभाव

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार थोडा. मार्सेयच्या किनाऱ्यावर तो जेमतेम वीत-दोन वीत भरतो. कोकण किनाऱ्यावर जसे भरतीचे वेळापत्रक पाहून होडी काढतात, तसे येथे करावे लागत नाही. येथला धनी वारा आहे. त्यातही मिस्त्राल हा वायव्येकडून येणारा थंड, कोरडा वारा. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून तो जणू नळीतून फुंकल्यासारखा समुद्राकडे धावत येतो. त्याने आकाश झळझळीत निरभ्र होते, आणि नवख्याची फसगत होते ती येथेच. कड्यांच्या आडोशाला पाणी शांत असते, ऊन पडलेले असते, सारे काही आलबेल वाटते. परंतु मिस्त्राल जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मतलई वाऱ्याचीच ही दिशा, पण जोर कितीतरी अधिक. कड्याचा आडोसा सोडून शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलेल्या होडीला तो आणखी बाहेर ढकलत नेतो आणि परतीचे प्रत्येक वल्हे जड होत जाते.

पूर्वेकडचा वारा सुटला तर धोक्याचे रूप पालटते. मग लाटा थेट कड्यांवर येऊन आपटतात, परत फिरतात, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या लाटांच्या गुंतागुंतीत पाणी जागच्या जागी उसळू लागते. त्या दिवशी कोणत्याही गुहेच्या तोंडाशी जाण्यात शहाणपण नसते. म्हणूनच येथील अनुभवी मार्गदर्शकाची खरी विद्या वल्हवण्यात नसून, कोणत्या दिवशी कोठून परत फिरायचे हे ओळखण्यात आहे.

तीन खाड्या

वारा अनुकूल असेल तर होड्या बंदर सोडून पश्चिमेकडे वळतात. पहिली खाडी पोर-मियू. सुमारे सव्वा किलोमीटर आत शिरलेली ही कालांक नैसर्गिक बंदरासारखी असून तिच्यात शेकडो शिडाच्या नौका बांधलेल्या असतात. काठावर जुन्या दगडखाणीच्या खुणा दिसतात. पोर-मियूचे खरे आश्चर्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. हात पाण्यात घालून बसणाऱ्याला एखाद्या ठिकाणी पाणी अकस्मात थंड लागते. खडकाच्या पोटातून वाहत आलेली एक भुयारी नदी येथे समुद्राला मिळते. हे पाणी पिण्यासाठी वापरता यावे म्हणून १९७० च्या दशकात भुयारातच बांध घालण्याचा प्रयत्न झाला, परंतु खारटपणा गेला नाही. समुद्र किती आतवर पोहोचलेला असतो, याचा हा पहिला धडा.

दुसरी खाडी पोर-पँ. उतारावर पाइनची झाडे आणि लहानसा किनारा असलेली ही खाडी मुलाबाळांसह येणाऱ्यांची आवडती. तिसरी आँ-व्हो, आणि तिचे तोंड गाठताच गप्पा आपोआप थांबतात. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या पांढऱ्या भिंती, मधे हिरव्या-निळ्या पाण्याचा अरुंद पट्टा, आणि शेवटी गोट्यांचा इवलासा किनारा. वर पाहिले तर कड्यावर मुंगीएवढे प्रस्तरारोहक दिसतात. मार्सेयमध्ये जन्मलेला आणि १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेत सहभागी झालेला गास्ताँ रेब्युफा हा गिर्यारोहक याच कालांकच्या कड्यांवर चढाई शिकला. खाली वल्ह्यांचा आवाज, वर दोराला लावलेल्या कड्यांची किणकिण. एकाच खडकावर दोन निराळे छंद आपापले काम निमूटपणे करीत असतात.

पाणी निवळ असल्याने तळाशी गर्द हिरवी कुरणे दिसतात. ती शेवाळ नव्हे. पोसिडोनिया ही फुले येणारी समुद्री वनस्पती केवळ भूमध्य समुद्रातच आढळते. तिच्या आश्रयाने माशांच्या पिढ्या वाढतात, आणि तिच्या पात्यांचे ढीग किनाऱ्याची वाळू धरून ठेवतात. ती अतिशय सावकाश वाढते. मोठ्या नौकेच्या नांगराने उखडलेला तिचा पट्टा भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. फ्रान्समध्ये तिला १९८८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. कयाकला नांगर टाकावा लागत नाही, हा तिचा या कुरणांवरचा उपकारच म्हणावा लागेल.

गुहेत शिरताना

आपल्या सह्याद्रीतील लेणी माणसाने छिन्नीने कोरली. येथे छिन्नी पाण्याची आहे. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्रात शिंपल्या-प्रवाळांच्या अवशेषांचे थर साचून हा चुनखडक बनला. पुढे तो उचलला गेला. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी त्याच्या भेगांत झिरपले आणि कणाकणाने खडक विरघळवत गेले. भेगांची भुयारे झाली, भुयारांच्या गुहा. हिमयुग सरल्यावर समुद्र चढला आणि नद्यांनी कोरलेल्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आजच्या कालांक.

अशा गुहेत शिरण्याची एक रीत आहे. प्रथम मार्गदर्शक एकटा तोंडाशी थांबतो आणि काही मिनिटे नुसत्या लाटा पाहतो. लहान लाटांच्या रांगेत अधूनमधून एखादी मोठी येते, तिची वाट पाहायची असते. बाहेर गुडघ्याएवढी वाटणारी लाट अरुंद गुहेत दाबली गेली की छतापर्यंत उसळू शकते. मग हेल्मेट घालून एकेक होडी आत घेतली जाते, आणि तीही बहुधा उलटी, पाठमोरी. असे केल्याने प्रवाशाचे तोंड समुद्राकडे राहते, येणारी लाट दिसते आणि बाहेर पडायला होडी वळवावी लागत नाही. आत गेल्यावर वल्हे आडवे धरून स्तब्ध राहायचे. डोळे अंधाराला सरावले की कळते, अंधार पूर्ण नाही. बाहेरचा प्रकाश पाण्यातून खालून आत येतो. वाटेत पाणी त्यातले तांबडे किरण शोषून घेते आणि उरलेल्या निळ्या उजेडात होडीचा तळ, हात, शेजाऱ्याचा चेहरा निळसर दिसू लागतो. लाट आत आली की खडकाच्या पोटात खोलवर एक घुमारा उठतो आणि विरतो.

परत फिरण्याची जागा

आँ-व्होच्या तोंडाशी सहलीचा निर्णयाचा क्षण येतो. अर्ध्या दिवसाच्या सहली येथूनच मागे वळतात. पूर्ण दिवसाच्या सहलीला पुढे देव्हाँसाँचे कडे ओलांडायचे असतात. सुमारे ३०० मीटर उंचीची ही भिंत थेट पाण्यात उतरते. तिच्या पायथ्याशी होडी लावून विसावा घेता येईल अशी जागा जवळजवळ नाही. एकदा पुढे गेले की दमलो म्हणून थांबता येत नाही. मार्गदर्शक वाऱ्याकडे पाहतो, पाण्यावरच्या सुरकुत्यांकडे पाहतो, आणि मग गटातील सर्वांत थकलेल्या चेहऱ्याकडे पाहतो. गटाची ताकद सर्वांत बलवान वल्हेकऱ्यावरून मोजायची नसते. कोणी थोडे हिरमुसते, एवढ्या लांबून आल्याची आठवण करून देते. मार्गदर्शकाने “आज नाही” म्हटले की मात्र तो विषय तेथेच संपतो.

न दिसणारी गुहा

ज्या दिवशी उत्तर “हो” असते, त्या दिवशी होड्या स्युझिताँवरून मोरझियूच्या भूशिरापर्यंत जातात. येथे मार्गदर्शक वल्हे थांबवतो आणि समोरच्या कड्याकडे बोट दाखवतो. पाहण्यासारखे काहीच नसते. जे आहे ते पाण्याखाली आहे.

आंरी कॉस्केर या कासीच्या पाणबुड्याला १९८५ मध्ये येथे ३७ मीटर खोलीवर एका भुयाराचे तोंड सापडले. शंभर मीटरहून लांब, वर चढत जाणाऱ्या त्या अंधाऱ्या भुयारापलीकडे हवा असलेले एक दालन होते. १९९१ मध्ये तेथील भिंतीवर त्याला मानवी हाताचा ठसा दिसला, आणि मग एकामागून एक चित्रे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुयारात वाट चुकून तीन पाणबुडे दगावले. त्यानंतर कॉस्केरने शोध जाहीर केला. पुरातत्त्वज्ञ झाँ कूरताँ आणि झाँ क्लोत यांनी अभ्यास करून चित्रे अस्सल असल्याचे सिद्ध केले. प्रवेशद्वार बंद करण्यात आले.

ही चित्रे सुमारे ३३,००० ते १९,००० वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळातील आहेत. घोडे, गवे, रानबोकड, हरणे आहेत. सील आहेत. ‘ग्रेट ऑक’ नावाचा, पेंग्विनसारखा दिसणारा पक्षीही आहे, जो १८४४ मध्ये जगातून नाहीसा झाला. चित्रकार पाण्याखालून आले नव्हते. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही खाली होता, किनारा कित्येक किलोमीटर दूर होता. ते आपल्या पायांनी चालत गुहेत गेले. पुढे समुद्र चढला आणि गुहेचा बहुतांश भाग त्याने गिळला. वर उरलेल्या दालनात जेवढे राहिले, तेवढेच आज शिल्लक आहे.

तेही आता सुरक्षित नाही. तापमानवाढीने समुद्राची पातळी पुन्हा चढते आहे आणि घोड्यांच्या चित्रांच्या खालच्या भागाला पाणी स्पर्श करू लागले आहे. या समुद्राला बांध घालता येत नाही. म्हणून संशोधकांनी गुहेची त्रिमितीय मोजणी करून तिची प्रतिकृती घडवली. जून २०२२ पासून ती मार्सेयमध्ये सर्वांसाठी खुली आहे. कयाकमधून मूळ गुहेच्या माथ्यावर तरंगायचे आणि दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन तिची प्रतिमा पाहायची, हा क्रम अनेक प्रवासी मुद्दाम ठेवतात.

माणसांच्या गर्दीचाही भार या भूमीवर पडतो. स्युझिताँच्या उतारावरची माती आणि पाइनची मुळे पावलांनी उघडी पडू लागली, तेव्हा २०२२ च्या उन्हाळ्यापासून उद्यानाने गर्दीच्या दिवसांत तेथे रोज ४०० जणांनाच, आधी नोंदणी करून, प्रवेश द्यायला सुरुवात केली. पूर्वी हा आकडा अडीच हजारांपर्यंत जात असे.

निघण्यापूर्वी

या सहलीसाठी मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. पोहता येणे आवश्यक आहे. टोपी, पाण्याची बाटली, ओले झाले तरी चालतील असे बूट आणि अंगभर बाह्यांचा सदरा जवळ असावा. मार्सेयहून कासीला रेल्वे जाते, मात्र स्थानक बंदरापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. भारतीय प्रवाशांना शेंगेन व्हिसा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कासीत एक दिवस मोकळा राखून ठेवावा. वारा आपल्या तिकिटाची तारीख पाहून वाहत नाही.

संध्याकाळी होड्या परत वाळूवर ओढल्या जातात. खांदे दुखत असतात, ओठांवर मीठ असते. काप कनायचा कडा मावळत्या उन्हात लालभडक होतो. दिवसभर ज्या पाण्याच्या रेषेवर बसून प्रवास झाला, ती रेषा आता होडीच्या अंगावर ओल्या पट्ट्यासारखी उमटलेली असते आणि पाहता पाहता वाळून जाते. कड्यांवर मात्र तिच्या कितीतरी जुन्या खुणा आहेत, काही वर, काही खोल पाण्याखाली. ‘समुद्रसपाटी’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात स्थिर वाटतो. कालांकच्या कड्यांखाली एक दिवस वल्हवून आलेला माणूस तो पुन्हा तितक्या निर्धास्तपणे उच्चारू शकत नाही.