शिबिराला कोण आले नाही? सिकलसेलचे आकडे वाचताना

सिकलसेलचा विषय निघाला की विहारातल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा एखादी आईच विचारते. "डॉक्टर म्हणतात, चारातल्या एकाला होतो. मला दोनच लेकरं, त्यातल्या एकाला आहे. माझ्या नणंदेकडंही तसंच. मग चारात एक कुठून आला?"

बाईचा प्रश्न बरोबर आहे आणि डॉक्टरही बरोबर आहेत. फरक पडला आहे तो मोजायला कोणती घरे घेतली यामुळे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. सिकलसेलचा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तर मूल वाहक होते. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडूनही आला तर मूल रुग्ण होते. म्हणजे आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष मूल होण्याची चारात एक. "हे दुखणं सुनेच्या माहेरून आलं" असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मुलाकडूनही तेवढेच आल्याशिवाय नातू आजारी पडत नाही.

आता वही-पेन घ्या. दोघेही वाहक असलेली १६ जोडपी आहेत आणि प्रत्येकाला दोन मुले आहेत असे धरा. एकूण मुले ३२. चारात एक या हिशेबाने साधारण असे घडेल: ९ घरांत दोन्ही मुले आजारी नाहीत, ६ घरांत एक मूल आजारी, आणि एका घरात दोन्ही आजारी. आजारी मुले ८, म्हणजे ३२ पैकी ८, बरोबर चारात एक.

पण दवाखान्यात कोण येते? ज्या घरात आजारी मूल आहे तेच. ती ९ घरे कधी येतच नाहीत. आपण वाहक आहोत हेही त्यांना ठाऊक नसते. दवाखान्याच्या नोंदीत उरतात ७ घरे, १४ मुले आणि त्यांतली ८ आजारी. शंभरात ५७! त्या आईने आपल्या नात्यात पाहिले ते हेच. तिने खोटे काही पाहिले नाही. फक्त ज्या घरांमुळे चारात एक हा हिशेब जुळला असता ती घरे तिच्या नजरेसमोर नव्हती.

ही चूक शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात विल्हेल्म वाइनबर्ग नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९१२ साली यावर तोड सुचवली. ज्या मुलामुळे ते घर आपल्या नोंदीत आले, त्या मुलाला बाजूला ठेवा आणि फक्त त्याची भावंडे मोजा. आपल्या उदाहरणात करून पाहू. सहा घरांत आजारी मूल बाजूला ठेवले की सहा भावंडे उरतात, त्यांत आजारी एकही नाही. सातव्या घरात दोन्ही मुले आजारी आहेत आणि दोघेही दवाखान्यात आलेले आहेत, म्हणून एकदा एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याला मोजायचे आणि मग उलटे करायचे. म्हणजे आणखी दोन भावंडे, दोन्ही आजारी. एकूण भावंडे ८, आजारी २. पुन्हा चारात एक! न आलेल्या नऊ घरांचे दार न वाजवताही हिशेब जागेवर आला. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते.

मात्र प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आपल्या अमडापुरात विहारात रक्ततपासणीचे शिबिर भरवले आहे अशी कल्पना करा. पुढचे आकडेही कल्पनेतलेच आहेत. वस्तीत १००० माणसे. त्यांतली २०० अशा घरांतली, जिथे किंवा ज्यांच्या भावकीत सिकलसेलचा रुग्ण आधीच माहीत आहे. उरलेली ८००. शिबिराला पहिल्या गटातून १२० माणसे आली. घरात दुखणे पाहिलेले माणूस तपासणीला येतेच. दुसऱ्या गटातून आली अवघी ८०. कोणी सोयाबीन सोंगायला गेले, कोणी पुण्याला बांधकामावर, आणि कोणी, खरे सांगायचे तर, सोयरीक मोडेल या भीतीने घरातच थांबले. पहिल्या गटात ४८ वाहक निघाले, दुसऱ्यात ८. दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा: "२०० तपासले, ५६ निघाले. शंभरात २८!"

हा आकडा वस्तीचा नाही, रांगेचा आहे. वस्तीत पहिला गट एक पंचमांश आहे, रांगेत तो निम्म्याहून जास्त झाला. म्हणून प्रत्येक गटाला त्याचे खरे वजन द्यायचे. पहिल्या गटात शंभरात ४०, म्हणजे २०० मध्ये ८०. दुसऱ्यात शंभरात १०, म्हणजे ८०० मध्ये ८०. मिळून १६०, शंभरात १६. यालाच संख्याशास्त्रात भार देऊन दुरुस्ती करणे म्हणतात. त्यासाठी शिबिराच्या वहीत नाव, वय, गाव यांच्यासोबत आणखी एक रकाना लागतो: घरात किंवा भावकीत कोणी रुग्ण आहे का? हा रकाना नसेल तर नंतर कितीही हुशार माणूस बसवला तरी दुरुस्ती होत नाही.

आणि तरीही एक शंका उरते. दुसऱ्या गटातले जे ८० आले, ते न आलेल्या ७२० जणांसारखेच असतील कशावरून? सतत थकवा येतो, सांधे दुखतात म्हणून आलेले त्यांत जास्त असू शकतात. इथे भार देऊन भागत नाही, पायपीट करावी लागते. हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये हा मार्ग मांडला: न आलेल्या सगळ्यांकडे जाता येत नसेल तर चिठ्ठ्या टाकून त्यांतले थोडे निवडा आणि त्यांच्यापर्यंत काहीही करून पोहोचा. ७२० मधून चिठ्ठीने ३६ निवडले, आशाताईंनी घरी जाऊन नमुने घेतले आणि ३ वाहक निघाले, तर प्रत्येक जण २० जणांच्या वतीने बोलतो. म्हणजे ७२० मध्ये साधारण ६०. शिबिरात सापडलेले ८ मिळवले की दुसऱ्या गटात ६८. पहिल्या गटाचे ८० तसेच धरले तर वस्तीत १४८, शंभरात १५ च्या आसपास. ३६ ही संख्या लहान आहे, ३ च्या जागी १ किंवा ६ ही निघू शकले असते, हे मात्र विसरू नये.

न आलेल्यांच्या दारी गेल्याने काय दिसते याचे विदर्भातलेच उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात जेमतेम ८. दवाखान्याच्या वहीवरून अंदाज बांधला असता तर या बायका निरोगीच ठरल्या असत्या.

आपल्या समाजाचा प्रश्न इथे थेट येतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हापासून पूर्वाश्रमीच्या महार समाजाचे नाव या आजाराशी जोडले गेले. आपल्यात आणि आदिवासींत प्रमाण जास्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाकारले तर औषधही जाईल. पण विदर्भात तेली, कुणबी अशा समाजांतही वाहक सापडले आहेत. जिथे शिबिरच झाले नाही तिथला शून्य हा आजार नसल्याचा शून्य नव्हे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे, तेही आदिवासीबहुल भागांवर भर देऊन. त्यातून येणाऱ्या टक्केवारीपुढेही विचारावे लागेल, की तपासले कोणाला?

चूक नेहमी आकडा फुगवतेच असे नाही. कॉलेजात शिबिर घेतले आणि रुग्ण फारच कमी निघाले, तर आजार सौम्य आहे असे म्हणण्याची घाई करू नये. काही मुले वारंवार दाखल व्हावे लागल्याने शाळा सोडून घरी बसलेली असतात. काही त्या वयापर्यंत पोहोचलेलीच नसतात. म्हणून तपासणीच्या वेळी आईला, तिला जड जाणार नाही अशा बेताने, आणखी एक गोष्ट विचारून लिहून ठेवावी: किती लेकरं झाली, आणि आज किती आहेत.