चार ओळी हातच्या

लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्स्ली यांच्याकडून नाताळचं एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. इतक्या लोकांना पत्रं लिहायला वेळ नव्हता, ही त्यांची अडचण. म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला. हातानं कार्ड करणारा माणूस नेमका तोच वेळ खर्च करतो आणि घेणाऱ्याला ते कळतं.

मी कार्डं करू लागलो ते मात्र वेगळ्या कारणानं. आमच्याकडच्या दुकानात दिवाळीची कार्डं मराठीत मिळत. ईदची उर्दूत किंवा इंग्रजीत. मी कविता मराठीत लिहितो. मग शेजारच्या काकूंना त्यांना वाचता न येणाऱ्या लिपीत शुभेच्छा का द्याव्यात? बाजारात नव्हतं, म्हणून घरी केलं. ‘ईदचं कार्ड आणि मराठीत?’ असं आमच्यातल्यांनीही विचारलं, इतरांनीही. त्यांना मी कागदाची गोष्ट सांगतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला. जुन्नरचा कागदही नावाजलेला. पेशवाईतला कितीतरी मराठी मजकूर अशा दौलताबादी, जुन्नरी कागदांवर उतरला आहे. तेव्हा ही सोयरीक माझ्या कार्डापेक्षा बरीच जुनी आहे.

आता करायचं कसं ते सांगतो. जाड ड्रॉइंग पेपर घ्या. तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेनं सहज वाकेल, त्याच दिशेनं घडी घाला. नाहीतर घडीवर भेगा पडतात. आधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या, म्हणजे घडी सरळ बसते.

चंद्रकोरीसाठी बांगडी पुरते. एक वर्तुळ काढा, बांगडी थोडी सरकवून दुसरं काढा. कडेला उरते ती कोर. चांदणीसाठी भेंडी आडवी कापा, रंगात टेकवून ठसा उठवा. बहुतेक भेंड्यांना पाच कंगोरे असतात. ईदला ती चांदणी होते, दिवाळीला तोच ठसा रांगोळीतलं फूल. दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचं खरं पान लावता येतं. पण ते आठ-दहा दिवस टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली दाबलेलं हवं. ओलं पान लावलं तर बुरशी धरतं. खळही बेतानंच लावा, पातळ झाली तर कागद फुगतो.

एक अडचण मला बरेच दिवस छळत होती. उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. दोन्ही भाषा एकाच कार्डावर घ्यायच्या, तर ते उघडायचं कुठून? उपाय सोपा निघाला. घडी वरच्या बाजूला ठेवायची. कॅलेंडरच्या पानासारखं कार्ड खालून वर उघडतं आणि कुठलीच भाषा पाठीमागे पडत नाही.

रमजान ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून कार्डावर तारीख घालू नका. नुसतं ‘ईद’ लिहा आणि चार दिवस आधी पोस्टात टाका.

राहिला मजकूर. ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढंच लिहायचं असेल, तर छापील कार्ड काय वाईट? तिथं त्या माणसाचं नाव हवं, त्याच्याशी आपलं जे नातं, ते हवं. काकूंना मी लिहिलं होतं, ‘शिरखुर्म्याचं पातेलं तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलंय.’ त्या आल्या, आणि डबा घेऊनच आल्या.

आज मोबाइलवर एक बोट दाबलं की तेच चित्र शंभर जणांना जातं. जाऊ द्या. त्या शंभरांतली पाच माणसं मात्र बाजूला काढा. एकेकाचं नाव कागदावर लिहा आणि त्याला काय सांगायचं आहे, याचा थोडा विचार करा. चंद्रकोर जराशी वाकडी झाली तरी चालेल, ओळ मात्र तुमची हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)