दोन कड्या काढल्या म्हणून चेन नवी होत नाही

परभणी जिल्ह्यात मोटारसायकल ही केवळ माणसाची सवारी नाही. जिंतूरच्या डोंगराळ भागातून दुधाचे कॅन तिच्यावर येतात, गंगाखेड-पालमकडे फवारणीचा पंप आणि खताची गोणी तिच्यावरच जाते, आणि सेलू-मानवतच्या काळ्या रानातल्या पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टरनंतर तिचाच भरवसा असतो. एवढं ओझं इंजिनाकडून चाकाकडे नेणारा भाग एकच, तो म्हणजे चेन. आणि गाडीच्या या भागाबद्दल जेवढे गैरसमज आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असतील. ढिली झाली की ताणा, ताणूनही उरली तर दोन कड्या काढा, आवाज आला की जळकं ऑईल सोडा, मागचं स्प्रॉकेट गेलं तर तेवढंच बदला, आणि पूर्ण सेट बदलणं हे घरी करायचं काम नव्हे. हे समज वरवर वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एक आहे. चेन रबरासारखी ताणली जाते आणि पुन्हा आवळली की पहिल्यासारखी होते, असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात चेन ताणली जात नाही, ती झिजते. झिजलेलं लोखंड आवळून परत येत नाही.

चेनची एक कडी जवळून पाहिली तर हे डोळ्यांनाच पटतं. दोन बाजूंच्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेवर बसलेली बारीक नळी म्हणजे बुश, आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने 1880 मध्ये मँचेस्टरला बसवली, आणि आजच्या मोटारसायकलींची चेनही त्याच तत्त्वावर चालते. रोलर स्प्रॉकेटच्या दाताला लागतो, पण चेन वाकताना खरी घासाघीस होते ती आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये. तिथे धातू कमी झाला की प्रत्येक सांध्यात किंचित जागा सुटते, आणि शंभर सांध्यांतल्या त्या किंचित जागा मिळून चेन लांब दिसते. पट्ट्यांचं लोखंड मात्र आहे तेवढंच राहतं. ही घासाघीस किती वेळा होते, याचा हिशेब करून पाहा. पुढे 14 आणि मागे 42 दात, चेनच्या शंभर कड्या आणि 18 इंची चाकाचा घेर सुमारे 1.9 मीटर धरला, तर एका किलोमीटरला चेन स्वतःभोवती जवळपास 220 फेऱ्या मारते. एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागच्यावर पुन्हा तेच. म्हणजे परभणीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावाला जाऊन पोचेपर्यंत चेनच्या एकेका सांध्याची सुमारे 35 हजार वेळा हालचाल होते. त्या सांध्यात तेल आहे की माती, यावरच तिचं आयुष्य ठरतं.

आता दोन कड्या काढण्याचा गावठी इलाज या हिशेबात बसवून पाहू. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेला, चेन तरीही लोंबते, मग गॅरेजात चेन तोडून दोन कड्या कमी करतात आणि पुन्हा लॉक लावतात. दोनच का? कारण आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते, एकटी कडी काढली तर टोकं जुळत नाहीत. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 मापाची चेन असते आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतं. दोन कड्या म्हणजे 25.4 मिलिमीटर. शंभर कड्यांची नवी चेन 1270 मिलिमीटर भरते, आणि 25.4 हे त्याचे बरोबर दोन टक्के. गंमत नाही, हीच गोष्ट कळीची आहे: चेन बाद करण्याची जी मर्यादा बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती दोन टक्क्यांच्याच आसपास येते. याचा अर्थ, ज्या दिवशी चेनमधून दोन कड्या काढण्याइतकी लांबी झिजेतून वाढलेली असते, त्याच दिवशी ती फेकण्याच्या लायकीची झालेली असते. कड्या काढल्याने एकूण लांबी कमी होते, पण उरलेल्या 98 कड्यांचं प्रत्येकी अंतर 12.7 ऐवजी 12.95च राहतं. स्प्रॉकेटचे दात मात्र 12.7च्या मापाने कापलेले असतात. मग रोलर दाताच्या खाचेत नीट बसत नाही, दाताच्या उतारावर चढून बसतो, भार सगळ्या दातांवर वाटला जाण्याऐवजी दोन-तीन दातांवर येतो आणि ते आकड्यासारखे वळतात. अशी चेन ओझ्याखाली दातावरून उडी मारते किंवा तुटते, आणि तुटलेली चेन कधी इंजिनाचं केसिंग फोडते, कधी चाकात अडकते.

म्हणून ढिलेपणावरून निर्णय घेऊ नये, माप घ्यावं. त्यासाठी लागतं काय, तर एक स्टीलची पट्टी किंवा टेप. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चेनचा एक पदर ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून 20 कड्या मोजा, म्हणजे 21व्या पिनेच्या मध्यापर्यंत. नव्या 428 चेनवर हे अंतर 254 मिलिमीटर भरतं. 259 भरलं की चेन संपली, मग ती वरून कितीही चकचकीत दिसो. दोन-तीन ठिकाणी मोजावं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. पट्टी हाताशी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटांनी धरून मागे ओढा. दाताचा अर्धाअधिक भाग उघडा पडत असेल तर माप घेण्याचीही वेळ टळून गेली आहे.

पुढचा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. पूर्ण किट घ्यायला सांगणं हा दुकानदाराचा फायदा आहे, निम्मं सामान चांगलं असताना का फेकायचं, असं विचारणारा माणूस चूक नाही. चेन लवकर पकडली, मापात एखाद्या टक्क्यावरच बदलली आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात सरळ, दोन्ही बाजूंनी सारखे असतील, तर नुसती चेन बदलणं चालतं. पण आपल्याकडे चेनकडे लक्ष जातं ते ती खडखडायला लागल्यावर, आणि तोवर दातांनी जुन्या चेनचं वाढलेलं माप धरलेलं असतं. त्यावर नवी चेन चढवली तर वाकडे दात तिच्या रोलरना खातात आणि नव्या चेनचं आयुष्य निम्म्यावर येतं. तिथे वाचवलेले पैसे पुढच्या हंगामात दुप्पट जातात. याहून वाईट प्रकार म्हणजे पुढचं छोटं स्प्रॉकेट झाकणाखाली दिसत नाही म्हणून ते तसंच ठेवणं. पुढे 14 आणि मागे 42 दात असतील तर पुढच्या एकेका दातावर मागच्याच्या तिप्पट वेळा चेन येते. शिवाय छोट्या चाकावर सांधा सुमारे 26 अंशांत वाकतो, मोठ्यावर साडेआठ अंशांत. म्हणजे चेनच्या एकूण वाकण्यातला तीन चतुर्थांश भाग त्या न दिसणाऱ्या स्प्रॉकेटवर होतो. किटमधलं सगळ्यात स्वस्त सामान तेच असतं आणि सगळ्यात आधी झिजतंही तेच.

चेन जितकी घट्ट तितकी गाडी ओढते, हा समजही सोडायला हवा. खालच्या पदराच्या मध्यभागी साधारण 20 ते 30 मिलिमीटर खालीवर हालचाल हवीच. आपल्या गाडीचा नेमका आकडा बऱ्याचदा चेनजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. ही मोकळीक ओझ्यासाठी ठेवलेली आहे. मागचं चाक ज्या स्विंग आर्मला बसतं तो ओझ्याखाली वर सरकतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सर्वात जास्त असतं. रिकाम्या गाडीवर तारेसारखी ताणलेली चेन, युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्या आणि वर एक माणूस बसल्यावर खड्ड्यात गाडी आदळली की ताणायला जागाच शिल्लक ठेवत नाही. तो झटका गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबवर जातो. चेनची दुरुस्ती हजारांत होते, गिअरबॉक्स उघडला की आकडा बदलतो. ताण मोजताना चाक हाताने फिरवत सर्वात घट्ट जागा शोधावी आणि तिथे माप धरावं.

तेलाबद्दलचा गैरसमज आपल्या मातीमुळे जास्त महागात पडतो. सर्व्हिसिंगमध्ये काढलेलं जळकं ऑईल फुकट मिळतं, म्हणून तेच चेनवर सोडण्याची पद्धत आहे. पण त्या तेलात इंजिनातलाच धातूचा कीस आणि जळणातून आलेली आम्लं असतात, आणि ते पातळ पडलेलं असतं. ते कडेला उडतं, उरलेलं धूळ धरून ठेवतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या मुरुमाची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्यात कालवला गेला की गॅरेजात व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते आणि ती सांध्यात शिरते. घट्ट ग्रीस थापण्यानेही हेच होतं, ते आत पिनेपर्यंत पोचत नाही आणि बाहेर माती गोळा करतं. साध्या चेनला 90 नंबरचं गिअर ऑईल किंवा चेन ल्यूब, आधी पुसून, आतल्या बाजूने थेंबाथेंबाने सोडावं आणि जादाचं पुसून काढावं. साधारण पाचशे किलोमीटरला, पण चिखलातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर किलोमीटरची वाट न पाहता. ओ-रिंगच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये रबराच्या कड्या असतात आणि ग्रीस आत कारखान्यातच भरलेलं असतं. अशी चेन पेट्रोलने धुतली तर रबर बिघडतं आणि आतलं ग्रीस जातं. तिला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते, म्हणून तिला काही करावं लागत नाही असं मानणारेही खूप आहेत. झाकण धूळ बरीच थांबवतं हे खरं, पण तेल सुकणं ते थांबवू शकत नाही.

राहिला प्रश्न घरी करण्याचा. चेन कापायचं आणि रिव्हेट करायचं यंत्र लागतं म्हणून हे काम गॅरेजचंच, असं सांगितलं जातं. रिव्हेट मारलेल्या मोठ्या गाड्यांच्या चेनबाबत ते खरं आहे. पण रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांच्या चेनला क्लिपचं लॉक असतं आणि ते पक्कड घेऊन निघतं. पाने, पक्कड, हातोडी आणि सपाट जागा असली की ज्याला पंक्चर काढण्यासाठी मागचं चाक उतरवता येतं, त्याला हेही जमतं. अडचण ताकदीची नाही, क्रमाची आहे. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन असतानाच, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला लावून ढिले करावेत. चेन निघाल्यावर स्प्रॉकेट नुसतं फिरत राहतं आणि मग हातोड्याचे प्रयोग सुरू होतात. चाक काढलंच आहे तर हबमधले ड्रम रबर पाहून घ्यावेत, ते चपटे झाले असतील तर नव्या चेनलाही झटके बसतात. नवी चेन जोडताना क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. वरच्या पदरावर ते पुढे, इंजिनाकडे. उलटी लावलेली क्लिप कशाला तरी घासून उघडते. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारख्या खुणेवर आणावेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि दात एकाच कडेने कापले जातात.

घरी केलेल्या कामातला खरा धोका चेनपेक्षा ब्रेकमध्ये आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नवी चेन जुनीपेक्षा आखूड असते, म्हणून चाक पुढे सरकतं. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक पुढे आलं की ब्रेकचा दांडा सैल पडतो आणि पेडल जास्त खाली जातं. दांड्याचा नट फिरवून ब्रेक पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकच्या प्लेटला स्विंग आर्मशी धरून ठेवणारी पट्टी जोडायची राहिली, तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. एक्सलच्या नटाला पिन असेल तर ती नवी घालावी. आणि तेल सोडण्यासाठी गाडी स्टँडवर चालू करून गिअरमध्ये टाकण्याची जी सवय आहे, ती आजच सोडावी. फिरत्या चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सापडलेलं फडकं बोटासकट आत जातं. चाक हाताने फिरवावं, किल्ली खिशात असावी.

किट घेताना पुढे एक दात जास्त घ्या, अ‍ॅव्हरेज वाढेल, असा सल्लाही मिळतो. 14 ऐवजी 15 दातांनी गिअरचं प्रमाण 3 वरून 2.8 वर येतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर एकट्याने जाताना इंजिन थोडं हळू फिरतं, पण गोण्या लादून चिखलातून निघताना ओढ तेवढीच कमी होते आणि क्लच जास्त घासतो. शेताच्या कामाची गाडी असेल तर कंपनीने दिलेले दातच ठेवावेत.

टॉर्क पाना नसेल तर काम घरी करून एक्सलचा नट आणि ब्रेक एकदा जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, त्यात कमीपणा नाही. नवी चेन पहिल्या काही दिवसांत स्वतःची जागा धरते आणि थोडी सैलावते, म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा मोजा. आणि 20 कड्यांचं माप पहिल्याच दिवशी गाडीच्या पुस्तकात तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामी येईल.